खेड्यातल्या रस्त्यावर चालेल अशी बाबागाडी कोणती घ्यावी?

भाचीचा मामा, समुद्रपूर तालुका

नमस्कार मंडळी. बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, भाची आता दीड महिन्याची झाली. पाळणा आमच्या आजोबांच्या वेळचा सागवानी आहे. तोच पॉलिश करून टांगला, त्यामुळे मामाकडून काय द्यायचं हा प्रश्न उरला होता. बहिणीने हळूच सांगितलं, बाबागाडी दे. तेव्हापासून आई माझ्याशी तुटक बोलते आहे. "लेकरू काय भाजी हाय का, गाडीवर टाकून गावभर फिरवाले?" असं तिचं म्हणणं.

गाडीचा वापर असा होईल. पोळ्यापर्यंत आमच्या गावात, मग भाऊजींकडे हिंगणघाटला. गावात डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत ग्रामपंचायतीचा सिमेंट रस्ता आहे, पण दोन ठिकाणी नालीवरची फरशी बसलेली नाही. अंगण मातीचं, सारवलेलं. मारुतीच्या देवळापुढे मुरूम. वावराकडे जाणारी पांदण आहे, पण तिचं नाव न घेतलेलं बरं. हिंगणघाटला भाऊजींचं घर दुसऱ्या माळ्यावर, लिफ्ट नाही. अधूनमधून एसटीचा प्रवास.

बजेट सात-आठ हजार. दोन गाड्या पाहिल्या. एक छत्रीसारखी मिटणारी, हलकी, साडेतीन हजारांच्या आसपास, चाकं अगदी लहान. दुसरी दहा किलोची, पाठ पूर्ण आडवी होते, चाकं मोठी, सात हजारांच्या वर. फोटोंमध्ये सगळ्या गाड्या चकचकीत टाइल्सवर उभ्या. मुरमावर चालवून कोणीच दाखवत नाही.

तर चाकं कोणती घ्यावी? एवढ्या लहान बाळाला गाडी चालते का? मे महिन्यात काय करायचं? आणि दुकानदार सोबत वॉकर फुकट देतो म्हणतो, घ्यावा का?

रिकामा धुरा

ओसरीच्या आड्याला दोर बांधा, आईचं जुनं लुगडं घ्या, झोळी करा. विषय संपला. सात हजारांत डीएपी खताच्या पाच थैल्या येतात.

उपकेंद्रातली सिस्टर, यवतमाळ जिल्हा

मामा, आधी बाळाचं बघू, चाकांचं कोणीतरी जाणकार सांगेलच.

दीड महिन्याच्या बाळाची मान धरलेली नसते. छत्रीवाल्या बऱ्याच गाड्यांची पाठ थोडीशीच मागे जाते. बाळ त्यात अर्धवट बसल्यासारखं राहतं, झोप लागली की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. अशा वेळी बाळ रडतही नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. बाळ आधाराशिवाय बसायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, पाठ पूर्ण आडवी होणारीच गाडी हवी. तुमच्या दोनपैकी पहिली इथेच बाद झाली.

आडवी केल्यावर तळावर हात दाबून बघा. तो टणक लागला पाहिजे. खाली एक दुपटं ताणून घालायचं, बस. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात ती राईची उशी गाडीत नको, घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी. आणि बाळ उताणंच झोपवायचं.

पट्टे पाच ठिकाणी धरणारे पाहिजेत: दोन खांद्यांवरून, दोन कमरेला, एक दोन्ही पायांच्या मधून. नुसता कमरेचा पट्टा असेल तर बाळ खालून घसरतं. आता ती हलत नाही म्हणून पट्टे लावायचा कंटाळा कराल आणि नेमकी एक दिवस कूस बदलेल.

आता उन्हाचं. इथे जरा जास्त लिहिते, कारण दर उन्हाळ्यात मला हेच दिसतं. आया गाडीवर किंवा कडेवरच्या बाळावर ओढणी टाकतात. सावली होते, पण आतली हवा कोंडते. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी हे मोजून पाहिलं, 2023 मध्ये ते छापून आलं. कोरडं मलमल टाकलेल्या गाडीत तापमान बाहेरच्यापेक्षा अडीच अंशांहून जास्त चढलं. तेच कापड ओलं करून जोडीला छोटा पंखा लावला, तर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा चार अंशांहून जास्त उतरलं. वाळ्याची ताटी वापरणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटायचं कारण नाही. पण कापड वाळलं की पुन्हा ओलं करावं लागतं, आणि बाजूने हवा खेळती राहिली पाहिजे. ते ऑस्ट्रेलियातलं ऊन होतं, आपल्याकडे मेमध्ये पारा 45 च्या पुढे जातो. म्हणून नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, दिवसा गाडी बाहेर काढूच नका. सकाळी ऊन तापायच्या आत, नाहीतर दिवस बुडाल्यावर अंगणाची वाफ गेली की.

छत्र मोठं आणि पुढे ओढता येणारं घ्या, मागच्या बाजूला जाळी असेल तर उत्तमच. गाडी उन्हात उभी राहिली असेल तर बाळ ठेवण्याआधी बकल आणि दांडा हाताने चाचपा. धातूचा चटका तुम्हालाही सहन होणार नाही. आणि उन्हाळा म्हणून पाणी पाजू नका. सहा महिन्यांपर्यंत आईचंच दूध, फक्त जास्त वेळा.

वॉकर फुकटात काय, वरून पैसे दिले तरी नको. त्यात बसवलेलं बाळ एका क्षणात उंबरठ्यावर, चुलीपाशी नाहीतर पायरीवर पोचतं. कॅनडाने तर 2004 मध्येच त्याच्या विक्रीवर बंदी घातली. चालायला शिकवायचं असेल तेव्हा लाकडी पांगुळगाडा द्या, त्यात बाळ स्वतःच्या पायावर उभं राहतं.

सायकलवाले काका, आर्वी

मामा, सिस्टरनं सांगतलं ते बरोबर हाय. चाकाचं मी सांगतो. सायकलचं दुकान हाय जी माह्यं. आता सायकली कमी अन् बाबागाड्या, व्हीलचेअरा, पोराइच्या तीनचाकी जास्त येतात.

हवेच्या टायरच्या नादी लागू नका. मुरमावर ते मस्त चालते, खोटं कायले बोलू. पन आपल्या इकडं धुऱ्याधुऱ्यानं बाभळी. काटा घुसला का संपलं. एवढ्या बारक्या ट्यूबचं पंक्चर काढाले मलेच वैताग येते, अन् नवीन ट्यूब तालुक्याच्या गावाले भेटत नाई. दुसरं टोक म्हंजे पोकळ प्लास्टिकचे चाकं. स्वस्त गाडीले तेच राहतात. मुरमावर घासून त्याइची कड फुटते, अन् रस्त्याचा सगळा दणका लेकराच्या पाठीले. तुमाले पायजे ते फोमचे चाकं, ईव्हीए म्हणतात त्याले. चपलेच्या सोलाले वापरतात तेच मटेरियल. काटा रुतला त उपटून फेका, हवा जाची भानगड नाई. मागचं चाक सात-आठ इंचाचं तरी घेजा. लहान चाक तुमच्या त्या नालीच्या फटीत बरोबर फसते, अन् गाडी तोंडावर येते.

समोरचे चाकं गरगर फिरनारे राहतात. टाइल्सवर एका बोटानं गाडी वळते म्हून दुकानदार तेच दाखवते. मुरमावर तेच चाकं आडवे होतात. म्हून त्याले लॉक पायजे. सिमेंटवर खुलं ठेवा, मुरूम लागला का लॉक करा. चाक खटका दाबून निघते का तेबी पाहजा, म्हंजे धुता येते. काया मातीत गाडी नेऊच नका. चिखलाचा गारा चाकात अन् फ्रेमच्या मंधात बसते, सुकला का निघता निघत नाई. अन् चाक कुरकुरलं म्हून तेल ओतत बसू नका, तेलानं धूळ धरते. पुसून घ्या, तेवढं पुरते.

ब्रेक पाहाची माही रीत सांगतो. दुकानात जाताना पाच किलो तांदूळ थैलीत न्या. लाजू नका. थैली गाडीत ठेवा, पट्टा लावा, ब्रेक दाबा अन् बाहेर उतारावर उभी करून हलकं ढकला. चाक जाम राहून गाडी घसरली त ब्रेक बेस हाय. चाक थोडंबी फिरलं त ते गाडी तशीच वापस. मागच्या दोन्ही चाकाले एकाच पायडलनं ब्रेक लागला पायजे. अलग अलग ब्रेक असले का लोकं एकच लावतात अन् गाडी गोल फिरते.

उघड-मीट पाच-सात वेळा तुमीच करून पाहा, दुकानदाराच्या हातानं नाई. उघडल्यावर खटका वाजला पायजे, अन् एक लॉक सुटलं त दुसऱ्यानं धरलं पायजे. सांध्यापाशी बोट जाते का पाहा. 2009 साली अमेरिकेत एका नामी कंपनीच्या दहा लाखाच्या आसपास गाड्याइले सांध्यावर झाकनं द्या लागले, लेकराइच्या बोटाचे शेंडे कटले होते म्हून. गाडी उघडताना लेकरू दुसऱ्याच्या कडेवर, हा नियम पक्का ठेवजा.

दोन लेकरांची माय, दर्यापूर

काकांनी तांदळाचं सांगितलं ते मनापासून पटलं. माझ्याकडून गावातल्या गोष्टी सांगते, त्या कुठल्याच माहितीपत्रकात नसतात.

मिटलेली गाडी कोपऱ्यात उभी राहिली की तिच्या घड्यांमध्ये पाली, विंचू काहीही बसतं. पावसाळ्यात तर हमखास. बाळ ठेवायच्या आधी सीट उलटून झटकायची, तळाची टोपलीही. दूध सांडलं की लाल मुंग्या लागतात, म्हणून कापड सुटं होऊन धुता येणारंच घ्या. आमच्याकडे वानरांचा त्रास आहे. टोपलीत केळं ठेवून बाळाला अंगणात एकटं सोडू नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा. मच्छरदाणी गाडीसोबत येते का विचारा, नाहीतर संध्याकाळचं फिरणं विसरा.

हँडलला थैल्या लटकवायच्या नाहीत. आठवडी बाजारात हे फार होतं. थैलीत दोन किलो कांदे आणि गाडीत हलकं बाळ, हात सोडला की गाडी मागे उलटते. सामान खालच्या टोपलीत. ओट्यावर, खाटेवर गाडी ठेवू नका, ब्रेक कितीही चांगला असू द्या.

एक फार महत्त्वाचं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा छोटा हत्ती टेम्पोत गाडी ठेवून बाळाला त्यातच बसवून नेताना मी लोक पाहिले आहेत. बाबागाडी त्यासाठी बनलेली नसते. वाहनात गाडी मिटलेली आणि बाळ मांडीवर. कार असेल तर तिची वेगळी सीट येते, ती घ्यावी.

हँडल उलटसुलट करता आलं तर पैसे जास्त गेले तरी घ्या. बाळाचं तोंड आईकडे राहतं, घाम आला, उलटी झाली, लगेच दिसतं. तुमच्या आईंचं काय होईल सांगू? आमच्या सासूबाई आजही गाडीला नावं ठेवतात, आणि भाजी निवडायला बसल्या की नातीला त्यातच ठेवतात, पट्टा लावून.

भाचीचा मामा, समुद्रपूर तालुका

सगळ्यांचे आभार. दहा किलोवाली नक्की करतोय. फक्त एक अडचण: बहीण एकटी असेल तेव्हा दोन माळे कशी चढवणार? आणि एसटीत?

दोन लेकरांची माय, दर्यापूर

चढवायची नाही. खाली जिन्याखाली साखळी-कुलूप लावून ठेवायची, बाळ तेवढं वर न्यायचं. बाळ आणि गाडी दोन्ही एका वेळी जिन्यावरून नेणं धोक्याचं, कितीही हलकी असली तरी. एसटीत गर्दी नसेल तर मागच्या सीटजवळ उभी बसते, नाहीतर डिकीत. सणासुदीला गाडी घरीच ठेवा, झबल्यातलं बाळ मांडीवर बरं. बाळ नीट बसायला लागलं की मग एसटीसाठी तुमची ती छत्रीवाली घेता येईल, अमरावती-नागपूरला वापरलेली अर्ध्या किमतीत मिळते. फक्त वापरलेल्या गाडीचे पट्टे आणि लॉक काकांच्या रीतीने तपासा.

रिकामा धुरा

तांदूळ घेऊन दुकानात जाणारा मामा पाहायला मी हिंगणघाटला येतो. दिवस कळवा.

भाचीचा मामा, समुद्रपूर तालुका

उशीर केला धुरेसाहेब, कालच जाऊन आलो. दुकानदार आधी हसला. सात हजारवालीचं चाक तांदळाच्या वजनानं थोडं फिरलं, तेव्हा गप्प झाला आणि आतून दुसरी काढली. साडेआठ हजार पडले, बजेटच्या वर गेलं. मागची चाकं आठ इंची फोमची, समोर लॉक, हँडल फिरतं, पाठ पूर्ण आडवी. वॉकर नको म्हटलं, त्याच्या बदल्यात मच्छरदाणी आणि साखळी घेतली. पांगुळगाड्याचं गावातल्या वाढईला सांगून ठेवलंय, तान्ह्या पोळ्याचे पोरांचे लाकडी नंदी झाले की करून देतो म्हणाला.

सायकलवाले काका, आर्वी

बेस केलं. बिल सांभाळून ठेवजा. समोरच्या लॉकची प्लास्टिकची पट्टी सगळ्यात आधी जाते, वॉरंटीत असली त बदलून भेटते. अन् महिन्याभरानं सगळे स्क्रू एकदा पेचकसानं पाहून घेजा, मुरमावर ते सैल होतात.