गुंतवणूकदार विरुद्ध सरकार: इक्सिड की अन्सिट्रल?

कलमबहाद्दर: इक्सिड म्हणजे गुंतवणूकदार आणि सरकारांमधल्या वादांसाठीचं जागतिक बँकेचं लवाद केंद्र. त्याचा करार १९६६ पासून लागू आहे, भारत अजून बाहेरच. आत जावं, असं माझं मत. भारताविरुद्धचे दावे बहुतेक अन्सिट्रलच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या, लवाद नियमांखाली चालतात. तिथे लवादाला कुठल्या तरी देशाची 'सीट', म्हणजे कायदेशीर ठिकाण, लागते आणि तिथलं कोर्ट निवाडा रद्द करू शकतं. केर्न या ब्रिटिश तेल कंपनीने भारताच्या पूर्वलक्षी कराविरुद्ध डिसेंबर २०२० मध्ये १.२ अब्ज डॉलर जिंकले, सीट हेगची, तर सरकार लगेच तिथल्या कोर्टात. इक्सिडमध्ये ही भानगडच नाही. निवाडा रद्द करायला कलम ५२ ची पाच कारणं, १२० दिवसांत अर्ज, तोही तीन जणांच्या समितीपुढे. शिवाय कलम ५४ मुळे पैशाचा निवाडा प्रत्येक सदस्य देशात तिथल्याच कोर्टाच्या अंतिम निकालासारखा.

तळटीप: ५४ वाचलंत, ५५ राहिलं. जप्तीपासून सरकारी मालमत्तेला असलेलं संरक्षण त्यात शाबूत आहे. स्पेन सदस्यच आहे ना? तरी त्याच्याविरुद्ध जिंकलेले सौरऊर्जेचे निवाडे घेऊन गुंतवणूकदार वसुलीसाठी देशोदेशी फिरतायत. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने २०२३ मध्ये निवाडा मानला, जप्तीचं संरक्षण मात्र तसंच ठेवलं. उलट केर्नने पॅरिसमधल्या वीसेक सरकारी मिळकतींवर बोजा चढवला तो जुलै २०२१ मध्ये, अन्सिट्रलच्या निवाड्यावर. ऑगस्टमध्ये संसदेने पूर्वलक्षी कर मागे घेतला.

कलमबहाद्दर: पॅरिसला जमलं, दिल्लीत जमेल? परदेशी लवादांचे निवाडे मान्य करण्याचा न्यूयॉर्क करार आपण 'व्यापारी' वादांपुरताच स्वीकारलाय. दिल्ली हायकोर्टाने २०१९ मध्ये खैतान होल्डिंग्जच्या प्रकरणात सांगितलं की गुंतवणूक करारातला लवाद व्यापारी नव्हे, त्याला आपला १९९६ चा लवाद कायदा लागू नाही. मग इथे वसुली कशाच्या जोरावर?

सीटवाला: भांडण रंगलंय, पण आधी करार उघडा. भारताच्या २०१५ च्या नमुना गुंतवणूक करारात पाच वर्षं देशी कोर्टांत घालवावी लागतात, यूएईशी झालेल्या २०२४ च्या करारात तीन. त्यानंतर लवाद. अन्सिट्रल घेतलंत तर सीट कलमातच लिहा, नाहीतर लवाद मंडळ ठरवेल ती. आणि लवाद मंडळाचे सदस्य कोण नेमणार, तेही लिहा. नाहीतर त्यासाठी हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाच्या सरचिटणीसांकडे जावं लागतं आणि महिने त्यातच जातात.

तळटीप: कलमबहाद्दर, वसुलीचा मुद्दा मान्य. पण तो आपला कायदा दुरुस्त करून सुटतो, त्यासाठी इक्सिड कशाला? तिथे अपीलच नाही. सीएमएस विरुद्ध अर्जेंटिना, २००७: समितीने निवाड्यातल्या कायद्याच्या ढोबळ चुका स्वतः दाखवल्या आणि १३ कोटी डॉलरहून जास्त भरपाई तरीही कायम ठेवली. चूक दुरुस्त करणं त्यांच्या अधिकारातच नव्हतं.

कलमबहाद्दर: मग हेगचं कोर्ट तरी कायद्याची चूक दुरुस्त करतं का? तिथेही अपील नाहीच.