मदत हवी आहे: एकच ई-पुस्तक, पण प्रत्येकाचा पान नंबर वेगळा, काय करावं?

खारी_बिस्कीट

मंडळी, विभाग चुकला असेल तर अ‍ॅडमिननी धागा हलवावा.

आमचा दादरला छोटा वाचनकट्टा आहे, महिन्याला एक पुस्तक, शिवाजी पार्कात नाहीतर कुणाच्या तरी घरी जमतो. आधी सगळे छापील पुस्तक आणायचे, आता निम्मे जण लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाईलवर वाचतात, एक काका किंडलवाले आहेत आणि एक आजी आहेत त्यांनी टॅबवर फाँट एवढा मोठा केलाय की स्क्रीनवर जेमतेम आठ-दहा ओळी मावतात. आता कुणी म्हणालं की पान ११२ वरचा तो संवाद काढा, की झाला गोंधळ. छापीलवाल्यांना लगेच मिळतो, माझ्या फोनवर ११२ ला वेगळंच प्रकरण चालू असतं, आजींच्या टॅबवर पुस्तकच हजारावर पानांचं आहे आणि काकांकडे पान नंबर नाहीच, लोकेशन म्हणून काहीतरी चार आकडी येतं. वर मी फोन आडवा धरला तर माझाच नंबर बदलतो, म्हणजे दुसऱ्यांना काय बोलणार.

हे नक्की कसं ठरतं? सगळ्यांचं सारखं दिसेल असं काही सेटिंग असतं का? आणि पीडीएफ घ्या असं कृपया सांगू नका, फोनवर झूम करकरून वाचवत नाही, आजींना तर शक्यच नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

स्लो_लोकल

पीडीएफ घ्या.

(पळतो)

जुळारी

सेटिंगमध्ये काही नाही ताई, त्या फायलीत पानंच नाहीत. ईपब (ई-पुस्तकाच्या फायलीचा नेहमीचा प्रकार) आतून वेबसाईटसारखंच असतं, प्रकरणागणिक एकेक वेबपान (एक्सएचटीएमएल फाईल) आणि सगळं मिळून झिप केलेलं. मजकूर सलग असतो, तो तुमच्या स्क्रीनवर तुम्ही निवडलेल्या फाँटने आणि मार्जिनने जिथे संपेल तिथे संपतो. फोन आडवा केला की अ‍ॅप सगळी मांडणी परत करतं, म्हणून नंबर बदलतो.

मग आकडा येतो कुठून, तर अ‍ॅपप्रमाणे तऱ्हा वेगळ्या. तुमच्या आणि आजींच्या अ‍ॅपमध्ये नुसत्या स्क्रीन मोजलेल्या दिसतायत, फाँट वाढवला की पुस्तक जाड होतं. तो आकडा फक्त तुमच्यापुरता, दुसऱ्याला सांगून उपयोग नाही.

काही अ‍ॅप मजकुराच्या आकारावरून नंबर देतात. अ‍ॅडोबी डिजिटल एडिशन्समध्ये प्रकाशकाने पानांची यादी दिली नसेल तर कॉम्प्रेस केलेल्या फायलीच्या दर १०२४ बाइट्सना एक पान धरतात. हा नंबर फाँट बदलून हलत नाही, पण फाँट मोठा असेल तर दोन-तीनदा पान उलटूनही आकडा तोच राहतो आणि लोकांना वाटतं अ‍ॅप हँग झालं. किंडलचं लोकेशन याच जातीचं. किंडलच्या जुन्या मोबी प्रकारच्या फायलींत साधारण सव्वाशे-दीडशे बाइट्सना एक लोकेशन असा हिशोब होता. इथे मराठीची गंमत बघा, यूटीएफ-८ मध्ये (फायलीत अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३, शिवाय काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जातात. एकट्या 'क्षि'मध्ये क, हलन्त, ष आणि वेलांटी, म्हणजे ४ त्रिक १२ बाइट्स! जिथे इंग्रजीच्या दोन ओळी बसतील तिथे मराठीची जेमतेम एक. त्यामुळे इंग्रजी पुस्तकाच्या अनुभवावरून 'लोकेशन २००० म्हणजे अमुक पान असेल' असा अंदाज लावायला जाऊ नका.

आणि एक सोय आहे जी खरंच तुमच्या कामाची आहे. छापील पुस्तकात पान जिथे बदलतं तिथे ईपबमध्ये न दिसणारी पेजब्रेकची खूण टाकायची आणि सगळ्या खुणांची पेज-लिस्ट फायलीत द्यायची. ईपब २ मध्ये ही सोय होती, २०११ च्या ईपब ३ मध्येही आहे. किंडलनेही छापील पान नंबर २०११ पासूनच दाखवायला सुरुवात केली, तिथे ती यादी एपीएनएक्स नावाच्या वेगळ्या फायलीत असते. ही फक्त हौस नाही बरं का, वर्गात सरांनी 'पान ६० काढा' म्हटल्यावर स्क्रीन रीडरवर (मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचणाऱ्या अंध मुलालाही बाकीच्यांबरोबर तिथे पोचता यावं म्हणून अ‍ॅक्सेसिबिलिटीवाले लोक यावर इतका जोर देतात. तुमच्या आजींचं काम त्याच यादीने होईल.

मात्र ती यादी एकाच छापील आवृत्तीची असते. किंडलच्या विक्रीच्या पानावर काही पुस्तकांना 'पेज नंबर्स सोर्स आयएसबीएन' (म्हणजे नंबर ज्या छापील आवृत्तीचे, तिचा ओळख क्रमांक) लिहिलेलं असतं, तो छापील प्रतीवरच्या आयएसबीएनशी ताडून बघा. नवी आवृत्ती नव्याने जुळवलेली असेल तर तुमच्या छापीलवाल्यांचंच आपापसात जमायचं नाही. मराठी ई-पुस्तकांत अशी यादी मला क्वचितच दिसलीय, प्रकाशकांनी जरा मनावर घ्यायला हवं.

कांदेपोहे_डॉट_ईपब

काकांनी पुस्तक कॅलिबरमधून (ई-पुस्तकं सांभाळायचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर) किंडलवर टाकलं असेल तर अजून एक भानगड. कॅलिबर स्वतःच एपीएनएक्स बनवू शकतं आणि त्यातली झटपट पद्धत साधारण २३०० अक्षरांना एक पान धरते. दिसायला अगदी खरे पान नंबर, पण छापील पुस्तकाशी काडीचा संबंध नाही.

माजघर

ज्ञानेश्वरी वाचणाऱ्यांना विचारा, त्यांचं कधी अडत नाही. अध्याय आणि ओवी सांगितली की संपलं, मग समोर आजोबांच्या वेळची पोथी असो नाहीतर मोबाईल. तुम्हीही तसंच करा, प्रकरण अमुक आणि 'अमुक शब्दांनी सुरू होणारा परिच्छेद' असं सांगा. प्रबंधातही हेच चालतं, संदर्भ देण्याची एमएलए पद्धत असो की एपीए, किंडलचं लोकेशन देऊ नका, प्रकरणाचा उल्लेख करा असंच सांगतात.

जुळारी

+१, आणि ते सुरुवातीचे शब्द सर्चमध्ये टाका, सगळ्यात जलद. फक्त 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' असे शब्द घेऊ नका. तो ऱ्य युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरच्या अक्षरसंचात) दोन तऱ्हांनी लिहितात, कुणी नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ वापरतं तर कुणी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जॉइनर. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण बऱ्याच अ‍ॅपच्या सर्चला नाही, त्यामुळे शब्द समोर असूनही 'सापडला नाही' येतं. साधे शब्द निवडा.

खारी_बिस्कीट

बापरे, एवढं सगळं असेल वाटलं नव्हतं. धन्यवाद मंडळी, स्लो_लोकल तुम्ही सोडून. या वेळेपासून ग्रुपवर प्रकरण आणि पहिले चार शब्द टाकते.

एक उपप्रश्न. कट्ट्यातल्याच एका ताईंनी त्यांच्या आठवणींचं पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापलंय, वर्ड फाईल आमच्याकडे आहे आणि त्याचं ईपब करायचंय. त्यात छापील पान नंबर टाकता येतील का? कोडिंग येत नाही.

जुळारी

येतील. अंध वाचकांसाठी काम करणाऱ्या डेझी कन्सॉर्शियम या संस्थेचं वर्डटूईपब म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, विंडोजवर चालतं, ते वर्डमधल्या पानांवरून पेज-लिस्ट बनवतं. पण आधी वर्डची पानं छापील पुस्तकाशी पानोपान जुळतात का ते बघा, प्रेसने दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवणी केली असेल तर जुळणार नाहीत. मग छापील प्रत शेजारी ठेवून खुणा हाताने टाकाव्या लागतील, कंटाळवाणं आहे पण होतं. मेटाडेटात (फायलीतल्या पुस्तकाच्या माहितीत) छापील पुस्तकाचा आयएसबीएन द्यायला विसरू नका, नाहीतर नंबर कुठल्या आवृत्तीचे ते कुणाला कळणार. झालं की थोरियम रीडर या ईपब वाचायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पान नंबर टाकून उडी मारून बघा, तेही फुकट आहे.

आणि पानाचं लेबल हा नुसता मजकूर असतो, त्यामुळे आकडे देवनागरी ठेवायचे की इंग्रजी हे आधीच ठरवा. छापीलमध्ये देवनागरी असतील तरी मी इंग्रजीच ठेवेन, उडी मारायला लोक कीबोर्डवर तेच टाईप करतात.