अनुभव धागा: वकील नाही, जज नाही, तरी कोर्टाच्या कामात

धागाकर्ती, दांडिया बाजार
न्यायमंदिर या जुन्या इमारतीतलं कोर्ट २०१८ मध्ये दिवाळीपुऱ्याला हललं आणि आपल्या बडोद्याच्या जुन्या वस्तीतल्या लोकांचा कोर्टाशी रोजचा संबंध तुटला, अशी माझी समजूत होती. गणपतीत गप्पा निघाल्या तेव्हा कळलं, आपल्यातलेच बरेच जण तिथे काही ना काही करतात. लिहा ना. खटला जिंकल्याच्या कथा मात्र नकोत.

रावपुऱ्यातला निवृत्त बँकवाला
मी लोकअदालतीच्या, म्हणजे तडजोडीने केसेस मिटवणाऱ्या अदालतीच्या, पॅनेलवर बसतो. एक जज, एक वकील आणि तिसरा माझ्यासारखा बाहेरचा. चेक परत गेल्याची, थकलेल्या कर्जाची, अपघात भरपाईची प्रकरणं येतात. तडजोड झाली की कोर्ट फी परत मिळते, पण निवाड्यावर अपील नाही. इथेच गोची आहे. टेबलावर गर्दी, बाहेर गर्दी, आणि समोरच्याला वाटतं की आता सही केलीच पाहिजे. खरं तर 'नाही' म्हणून उठता येतं, केस आपल्या मूळ कोर्टात परत जाते. पण हे त्याला कोणी सांगत नाही.
एकदा टेम्पो ड्रायव्हरची विधवा आली होती. विमा कंपनीच्या वकिलाने आकडा सांगितला, दिराने मान डोलावली, बाई गप्पच. मी एवढंच विचारलं, "बेन, पैसे कोणाच्या खात्यात जाणार?" तिचं खातंच नव्हतं. जजसाहेबांनी कागद बाजूला ठेवला. आधी तिच्या नावाने खातं उघडलं, मोठी रक्कम मुदत ठेवीत टाकली, मग सह्या झाल्या. कायद्याचं ज्ञान लागलं नाही, चाळीस वर्षं काउंटरवर बसल्याचा उपयोग झाला.

फतेहगंजची पीएलव्ही
म्हणजे पॅरालीगल व्हॉलंटियर, मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाची स्वयंसेविका. सेंट्रल जेलचं (गायकवाडांच्या काळातली १८८१ ची इमारत) काम माझ्याकडे असतं. जामीन मंजूर होऊनही आत बसलेली माणसं असतात, यावर घरी कोणी विश्वास ठेवत नाही! जामीनदार नसतो, किंवा घरच्यांना ऑर्डर झाल्याचंच ठाऊक नसतं. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जामीन मिळून सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकाने विधी सेवेला कळवायचं, आणि महिन्यात जामीनदार उभा राहिला नाही तर कोर्टाने अट शिथिल करण्याचा विचार करायचा. शिवाय नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम ४७९ मध्ये पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याला (ज्याचा खटला अजून चालू आहे) कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सोडण्याची सोय आहे, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त केसेस असलेले वगळून. कागदावर सगळं छान. माझं काम म्हणजे फोन. दाहोदकडच्या एका मुलाने दिलेला नंबर बंद होता. शेवटी तो ज्या साइटवर कामाला होता तिथल्या मुकादमाकडून आईपर्यंत पोचले. ती म्हणाली, "मी समजले तो सुरतला गेला."

छोटा उदेपूरला नोकरी केलेला मास्तर
नवीन काही नाही हो यात. गांधीवादी कार्यकर्ते हरिवल्लभ परीखांनी १९४९ मध्ये रंगपूरला आश्रम काढला, तेव्हा तो भाग बडोदा जिल्ह्यातच होता. तिथली आदिवासींची लोकअदालत उघड्यावर, सगळ्या गावासमोर बसायची. सरकारी लोकअदालती त्यानंतर कित्येक वर्षांनी आल्या.

मांजलपूरची वाचक
मास्तर, रागावू नका, पण "गावासमोर" म्हटलं की मला धडकी भरते. समाजाचा सहभाग म्हणजे माझ्या बाबतीत चुलतसासऱ्यांनी बोलावलेली बैठक होती. पंधरा पुरुष, एक चहाचा ट्रे, आणि "घरातलं घरात मिटव." मला पोलीस आणि कोर्टच हवं होतं.

धागाकर्ती
यावर महिला सामाख्य या बायकांसाठीच्या सरकारी कार्यक्रमात काम केलेल्या माझ्या मावशीने सांगितलेलं लिहिते. आपल्याच जिल्ह्यात १९९५ पासून नारी अदालत भरायची. बसणाऱ्या गावातल्याच बाया, बऱ्याच निरक्षर. स्त्रीधन परत मिळवणं, नवऱ्याला बोलावून सगळ्यांसमोर जाब विचारणं. कायद्याचा अधिकार शून्य, तरी नवरे यायचे. फरक कोण बसलंय याचा होता.

रावपुऱ्यातला निवृत्त बँकवाला
मांजलपूरच्या ताईंना पुस्ती: २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थी आहे, पण तीही दोन्ही पक्षांची संमती असेल तरच, आणि त्या तडजोडीला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचा दर्जा नाही. चुलतसासऱ्यांच्या बैठकीला तर कसलाच नाही.

कारेलीबागेतला
माझं योगदान बघण्याचं! आपल्या गुजरात हायकोर्टाचं कामकाज ऑक्टोबर २०२० पासून यूट्यूबवर दिसतं. बाबा क्रिकेट सोडून ते लावतात आणि वकिलांना घरून ओरडतात.

मांजलपूरची वाचक
पीएलव्हीताई, मला यायचं असेल तर? एलएलबी वगैरे नाही.

फतेहगंजची पीएलव्ही
पदवी लागत नाही, प्रशिक्षण देतात. दिवाळीपुऱ्याला कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे अर्ज कधी निघतात ते विचार. कोणाला मोफत वकील हवा असेल तर १५१०० हा नंबर; बायकांना आणि कोठडीतल्यांना उत्पन्नाची अट नाही.

मांजलपूरची वाचक
जाते विचारायला. जेलचं काम चालेल. कौटुंबिक टेबलावर मात्र मला बसवू नका, मी तिथे तटस्थ राहणार नाही.