बारावीनंतरचा प्रवेश: आई-बाबा म्हणून तुम्ही काय केलंत, काय मुलांवर सोडलंत?

गेल्या वर्षी आमच्या लेकीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश झाला. यंदा ज्यांची मुलं बारावीला आहेत ते सगळे भेटले की एकच विचारतात, "कटऑफ किती होता?" कटऑफ सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाच्या, पीडीएफमध्ये मिळतो. पीडीएफमध्ये जे मिळत नाही ते एका जागी यावं म्हणून हा धागा काढतेय. मुलाच्या प्रवेशात तुमच्या वाट्याला नेमकं कोणतं काम आलं? कोणतं काम ठरवून मुलावर सोडलंत? घरात वाद कशावरून झाला आणि तो कसा मिटला? इंजिनिअरिंग, मेडिकल, डिप्लोमा, परदेश, काहीही चालेल. फक्त स्वतःच्या घरातलं लिहा, ऐकीव नको.

सुरुवात मी करते.

एक आई, पुणे

सीईटीचा निकाल लागला की पहिले दोन दिवस फोन वाजत राहतो. पर्सेंटाइल दशांशचिन्हानंतर सात आकड्यांपर्यंत असतो, आणि तो म्हणजे टक्के नव्हेत हे आजी-आजोबांना समजावण्यातच बराच वेळ जातो. चार लाख मुलं धरली तर ९६ पर्सेंटाइल म्हणजे पुढे सोळा हजार मुलं. हे गणित घरातल्या मोठ्यांनी आधी समजून घ्यायला हवं, नाहीतर मुलीला विनाकारण आनंद आणि मग विनाकारण दुःख होतं.

आम्ही कामं वाटून घेतली होती. शाखा कोणती हे ती सांगणार. कॉलेजांची माहिती मी आणि तिचा बाबा काढणार. क्रम तिघांनी बसून लावायचा, पण लॉगिन तिच्या हातात आणि शेवटचं बटणही तीच दाबणार. मी तीन वर्षांचे कटऑफ काढून बसले. एकाच कॉलेजच्या एकाच शाखेचे किती आकडे असतात ते तेव्हा कळलं. जीओपनएच, जीओपनओ, एलओपनएस. पहिलं अक्षर सर्वसाधारण जागा की मुलींची ते सांगतं, मधला भाग प्रवर्ग, आणि शेवटचं अक्षर तुमच्या विद्यापीठ क्षेत्रातली जागा, बाहेरच्यांची की राज्यस्तरीय. ट्यूशन फी माफीच्या टीएफडब्ल्यूएस जागांचा आकडा आणखी वेगळा. ओळखीच्या कुणाला तिथे किती गुणांवर मिळालं हे ऐकून काहीच कळत नाही, आपला रकाना कोणता ते आधी शोधायचं.

वाद झाला तो शाखेवरून. तिला सिव्हिल हवं होतं. अकरावीपासून ती पूल आणि धरणं याबद्दलच बोलायची. तिच्या बाबांचं म्हणणं, कॉलेज दुय्यम असलं तरी कॉम्प्युटरच घे. दोघंही हट्टी. आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर दुसरा विषयच नव्हता.

तो वाद मिटला एका नियमामुळे. २०२५ पासून कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्या चार झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो बंधनकारक, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलाही मिळाला तर बंधनकारक, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. म्हणजे "आत्ता वर टाकून ठेवू, पुढे बघू" असं करताच येत नाही. तिने बाबांना एवढंच विचारलं, "पहिल्या तिनांत कॉम्प्युटर टाकलं आणि लागलं, तर चार वर्षं तुम्ही माझ्याऐवजी शिकणार का?" त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, पहिले तीन तुझे. त्याच्या मनातले पर्याय खाली गेले.

दुसऱ्या फेरीत तिला सिव्हिल लागलं, तिच्या दुसऱ्या पर्यायाचं कॉलेज. चर्चेला जागाच उरली नाही आणि मला त्याचं फार बरं वाटलं.

एक अजून. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, पण यादी शक्यतेच्या क्रमाने लावू नका, आवडीच्या क्रमाने लावा. अवघड कॉलेज वर टाकल्याने खालचं हातचं जात नाही. हे मी तिच्या वर्गातल्या कितीतरी आयांना सांगितलं, तरी भीती जात नाही.

एक बाबा, जळगाव जिल्हा

वरचं सगळं वाचलं. आमच्याकडे शाखेवरून वाद नव्हता, आमची लढाई कागदांची. आम्ही ओबीसी. व्हॅलिडिटीसाठी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्रासाठी, १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. माझा दाखला त्याच्या नंतरचा, म्हणजे माझ्या वडिलांचा काढणं आलं. वडील चौथीत शाळा सोडून शेतात गेले, दाखला कधी घेतलाच नव्हता. ते आता नाहीत.

मुलाला घेऊन मूळ गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो. हेडमास्तरांनी कपाटातून जुनं प्रवेश निर्गम रजिस्टर काढलं. पानं हातात तुटत होती. नाव सापडलं, पण अर्धंच, आणि आडनाव लिहिलेलंच नाही. जातीचा रकाना मात्र भरलेला होता. हेडमास्तरांनी पान दाखवलं तेव्हा मुलगा वाकून वाचत राहिला. त्याने आजोबांना पाहिलेलंच नाही. निर्गम उतारा मिळाला, नावातल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र केलं, माझा आणि वडिलांचा संबंध दाखवायला वंशावळ लिहिली, चुलतभावाची व्हॅलिडिटी जोडली. जात पडताळणी समितीकडून एकदा त्रुटी निघाली, तीही पुरवली.

हे सगळं बारावीच्या वर्षात करू नका. अकरावीला प्रवेश झाला की लगेच कॉलेजमधून प्रस्ताव टाका. अनुसूचित जाती-जमातींना १९५० चा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना १९६१ चा. जितकं जुनं वर्ष तितकं शोधणं अवघड, आणि ज्यांच्या घरात कुणी शाळेतच गेलं नाही त्यांनी महसुली नोंदी, कोतवाल बुकाची (गावातल्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची) नक्कल असलं काही तालुक्याला जाऊन बघावं.

आम्ही वाटणी अशी केली होती: कागद माझे, अभ्यास त्याचा. त्याच्या परीक्षेच्या महिन्यात मी त्याला एकदाही सहीसाठी तालुक्याला नेलं नाही. व्हॅलिडिटी वेळेत हातात आली तेव्हा मला त्याच्या निकालाइतकाच आनंद झाला.

एक बाबा, डोंबिवली

मी थोडं वेगळं लिहितो. आमच्याकडे पूर्ण फॉर्म मी भरला आणि मला ते योग्यच वाटतं. सतरा वर्षांच्या मुलाला शाखा कळते, रोजचा प्रवास कळत नाही. मी पंचवीस वर्षं लोकलने जातोय. डोंबिवलीहून माटुंग्याला सरळ जाता येतं. चेंबूरला जायचं तर कुर्ल्याला उतरून हार्बर पकडायची. पार्ले-अंधेरीच्या कॉलेजांसाठी दादरला बदलून वेस्टर्न, तेही सकाळच्या गर्दीत, खांद्याला लॅपटॉपची बॅग. प्रॅक्टिकल संपून सातला निघालेला मुलगा घरी किती वाजता पोचणार आणि अभ्यास कधी करणार?

मी प्रत्येक कॉलेजपुढे घरापासूनचा वेळ लिहिला आणि ती यादी त्याच्यापुढे ठेवली. आवडीचा क्रम त्याने सांगितला, पण सव्वा तासाच्या पलीकडचं काहीही वर येणार नाही हा माझा निर्णय होता. तो रागावला होता. ज्यांची मुलं हॉस्टेलवर राहणार आहेत त्यांना हे लागू नाही. आमच्यासारख्यांनी मात्र हा विचार आई-वडिलांनीच करायचा असतो, असं माझं मत आहे.

एक आई, नागपूर

डोंबिवलीच्या दादांशी अर्धी सहमत. आमच्या मुलीचं जेईईतून जोसाचं, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या एकत्रित प्रवेशाचं, चाललं होतं. तिथे फ्रीझ, फ्लोट, स्लाइड असे तीन पर्याय येतात. फ्रीझ म्हणजे मिळालेली जागा पक्की करायची, फ्लोट म्हणजे ती हातात ठेवून वरच्या पर्यायांची वाट पाहायची, स्लाइड म्हणजे त्याच संस्थेत वरची शाखा मिळते का बघायचं. एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांना असतात, म्हणून नागपूरची व्हीएनआयटी आमच्यासाठी घरचीच. तिला मात्र घराबाहेरच जायचं होतं. मी एकच गोष्ट मागितली: रेल्वेने एका रात्रीत पोचता येईल इतकंच लांब. तिने मान्य केलं. आता ती बाहेर आहे, मजेत आहे.

एक आई, कॅलिफोर्निया

इथली गोष्ट वेगळी, पण धागा वाचून राहवलं नाही. आम्ही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलो, मुलगा एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर. तो चार वर्षांचा होता तेव्हापासून इथेच शिकतोय. ग्रीन कार्डच्या भारतीय रांगेत आम्ही अजून उभे आहोत.

ऑक्टोबरमध्ये त्याच्या वर्गातले सगळे फाफसाबद्दल बोलू लागले, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज. त्याने घरी येऊन विचारलं, आपण कधी भरायचा? एच-४ वरच्या मुलाला ती मदत मिळत नाही, हे त्याला त्या दिवशी मी सांगितलं. शिवाय एकविसाव्या वर्षी तो आमच्या व्हिसातून बाहेर पडणार, मग स्वतःचा विद्यार्थी व्हिसा. हे त्याला आधी थोडंफार माहीत होतं, पण मित्रांच्या फॉर्ममध्ये जे पान आहे ते आपल्यासाठी नाही हे तेव्हा कळलं. तो रडला नाही. त्याने यादीच बदलली. खासगी, महागडी नावं खोडली आणि राज्य विद्यापीठं वर आणली, कारण एच-४ वर असूनही कॅलिफोर्नियात राज्याचा रहिवासी म्हणून फी लागू होऊ शकते. इतर राज्यांत नियम वेगळे आहेत, तिथल्या पालकांनी नक्की तपासा.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेश ठरवताना एसएटी या परीक्षेचे गुण धरतच नाही. अर्जात आठ प्रश्नांपैकी चारांची उत्तरं, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. नोव्हेंबरअखेरच्या आसपासची मुदत. आमच्या ओळखीतले बरेच पालक सल्लागारांना मोठी फी देऊन निबंध घासूनपुसून घेतात. मला त्याचे निबंध वाचायचे होते. तो म्हणाला, "आई, पाठवल्यावर वाच." मी थांबले. पाठवल्यावर वाचले. एक निबंध दुभाष्याच्या कामावर होता: आजी इथे आजारी पडली तेव्हा डॉक्टरांचं इंग्रजी तिला मराठीत आणि तिचं दुखणं डॉक्टरांना इंग्रजीत सांगायचं काम त्याने केलं होतं. त्याला ते इतकं लक्षात असेल अशी मला कल्पना नव्हती.

एक बाबा, लातूर जिल्हा

आमच्या भागात दहावीनंतर एकच रस्ता धरला जातो, नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा. मुलगा २०२४ ला बसला. त्या वर्षी काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. ७२० पैकी ७२० वाले ६७ निघाले, मग १५६३ मुलांची फेरपरीक्षा, मग सुप्रीम कोर्ट, आणि सुधारित निकाल जुलैअखेर. मुलाचे गुण चांगले होते. आदल्या वर्षी त्या गुणांवर सरकारी एमबीबीएसची आशा धरता आली असती. त्या वर्षी रँक कितीतरी खाली गेली.

मी म्हणालो, एक वर्ष रिपीट कर, पैशाची काळजी करू नको. आमच्या गल्लीत रिपीट करणारी मुलं प्रत्येक घरात आहेत. तो म्हणाला, "नाही बाबा, परत तेच वर्ष नको." त्याला पशुवैद्यक व्हायचं होतं. आमच्याकडे म्हशी आहेत, लहानपणी वासरू अडलं होतं तेव्हा आलेले डॉक्टर त्याच्या मनात बसलेले.

इथे पालकांनी एक लक्षात घ्या. बी.व्ही.एस्सी., म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, नीटच्या गुणांवरच होतं, पण त्याचा प्रवेश नागपूरचं माफसू हे पशुविज्ञान विद्यापीठ करतं आणि अर्ज वेगळा भरावा लागतो. एमबीबीएस, बीएएमएसचा फॉर्म भरला म्हणजे हाही भरला असं होत नाही. ती तारीख आमच्यात त्यानेच लक्षात ठेवली होती. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, इंटर्नशिप धरून. परभणी, उदगीर ही कॉलेजं आमच्या जवळची. तो सुट्टीत आला की गोठ्यातच असतो. नातेवाईक अजून विचारतात, रिपीट का केलं नाही. मी सांगतो, त्याला हवं ते मिळालंय.

एक आई, सातारा

सगळ्यांसाठी एक माहिती. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घटकांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅपमधून झालेला पाहिजे, व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही, आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. होस्टेल-मेसचा खर्च यात येत नाही. आमच्या मुलीची फार्मसी यामुळेच सुरू झाली.

एक आई, संभाजीनगर

सगळं वाचून काढलं, जळगावच्या दादांचं तर दोनदा. माझा मुलगा यंदा बारावीला. व्हॅलिडिटी आहे, पण नॉन क्रिमीलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याचं) प्रमाणपत्र अजून हातात नाही, अर्ज केलाय. फक्त पावती आहे. रजिस्ट्रेशन करू की थांबू?

एक बाबा, जळगाव जिल्हा

ताई, थांबू नका. आमच्या वेळी पावती अपलोड करून रजिस्ट्रेशन करता येत होतं, पण मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेच्या आत द्यावं लागतं, नाहीतर उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो. हा नियम आणि ती तारीख यंदाच्या माहितीपुस्तिकेत बघा, मागच्या वर्षीची धरू नका. आणि प्रमाणपत्र आलं की त्यावरची मुदत तपासा, ती पुढच्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत असायला हवी. नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटशी जुळतंय का तेही त्याच दिवशी बघून घ्या, म्हणजे दुरुस्तीला वेळ राहील. काही अडलं तर इथेच विचारा, मी रोज रात्री बघतो.