स्पायडर-व्हर्स भाग तीन : माइल्सचे वडील वाचायला हवेत की नकोत?

फौजदाराची_लेक

स्पायडर-व्हर्स या ॲनिमेशन सिनेमांचा तिसरा भाग, 'बियाँड द स्पायडर-व्हर्स', आता 2027 च्या जूनमध्ये येणार म्हणतात. आधी मार्च 2024 ची तारीख होती, म्हणजे दुसऱ्या भागानंतर वर्षभरसुद्धा थांबावं लागणार नव्हतं. तेव्हापासून दुसऱ्या भागाची अर्धवट राहिलेली गोष्ट डोक्यात घोळतेय. एका मुद्द्यावर तुमची मतं हवी आहेत. दुसरा भाग बघितला नसेल तर पुढे वाचू नका, सगळं सांगून टाकणार आहे.

या सिनेमांत अनेक समांतर दुनिया आहेत, बहुतेकींचा आपापला स्पायडर-मॅन, आणि आपला नायक माइल्स त्यातलाच एक पोरगा. या सगळ्यांचा म्होरक्या मिगेल म्हणतो, प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही गोष्टी ठरलेल्याच. त्यातली एक म्हणजे जवळच्या पोलीस कॅप्टनचा मृत्यू. तो टाळला तर अख्खी दुनिया कोसळणार. आणि माइल्सचे वडील जेफ दोन दिवसांत कॅप्टन होणार असतात.

माझे बाबा पोलिसात आहेत. पीएसआयचे एपीआय झाल्याचा आदेश आला तेव्हा ते गणपतीच्या बंदोबस्तावर होते. आईने पेढे आणले, डबा दोन दिवस फ्रिजमध्ये तसाच. त्यामुळे जेफच्या बढतीच्या पार्टीला माइल्स उशिरा, चेंदामेंदा झालेले केक घेऊन पोचतो, तो प्रसंग मला फार लागतो. आमच्यात उशीर बाबांकडून, तिथे मुलाकडून, एवढाच फरक.

म्हणून माझं मत ठाम आहे. जेफ वाचला पाहिजे. पोलिसाने मरायचं आणि त्यातून नायकाने शहाणं व्हायचं, हे आता पुरे. पण तो कसा वाचावा हे मला सुचत नाही. शेवटच्या क्षणी जाळं टाकून अलगद उचलला, असं झालं तर मिगेलचा एवढा मोठा युक्तिवाद पोकळ ठरेल. तुम्हाला काय वाटतं?

इंद्रजालवाला

ताई, विषय छान काढलात. कॅप्टन मरण्याचं मूळ कॉमिक्समध्ये आहे. मूळ स्पायडर-मॅन पीटर पार्करची मैत्रीण ग्वेन, तिचे वडील जॉर्ज स्टेसी 1970 च्या अंकात एका लहान मुलाला ढिगाऱ्यापासून वाचवताना गेले. ग्वेन स्वतः 1973 मध्ये गेली. पीटरचा बेनकाका तर 1962 मध्ये, पहिल्याच गोष्टीत. मिगेल ज्याला नियम म्हणतो तो या जुन्या अंकांचा साचा आहे. सिनेमा त्या साच्याशीच भांडतोय, म्हणून तो मला इतका आवडतो.

मला मात्र भीती जेफची नाही, माइल्सच्या आईची, रिओची आहे. माइल्स कॉमिक्समध्ये आला 2011 मध्ये, आणि 2013 मध्ये त्याच्या आईला गोळी लागून ती गेली. पुढे तिला परत आणलं, पण तो अंक वाचलेला माणूस ते विसरत नाही. दुसऱ्या भागात गच्चीवर रिओ माइल्सशी बोलते, ते बोलणं पुन्हा ऐका. मुलाला जग बघायला पाठवणाऱ्या आईचं बोलणं आहे ते. सगळ्यांचं लक्ष वडिलांकडे लावून घाव दुसरीकडे घालतील असं मला वाटतंय.

जाता जाता, दुसऱ्या भागातलं मुंबईच्या धर्तीवरचं शहर मुंबॅटन रंगवताना त्या मंडळींनी आपली जुनी इंद्रजाल कॉमिक्स समोर ठेवली होती. वेताळ आणि मँड्रेकवर वाढलेल्या माझ्यासारख्याला तिथल्या स्पायडर-मॅनची, पवित्र प्रभाकरची ती दुनिया बघून काय वाटलं असेल, सांगता येत नाही.

स्पॉट_समर्थक

माझं मत उलटं. जेफ गेला पाहिजे. पहिल्या भागात माइल्सचा ॲरनकाका गेला, म्हणून त्या पोराची उडी खरी वाटली. आता नुसतं 'मी माझी गोष्ट माझ्या पद्धतीने करणार' म्हणून जग झुकत असेल तर पीटरने, ग्वेनने (सिनेमात तीही तिच्या दुनियेची स्पायडर-वुमन आहे) जे सोसलं त्याला अर्थ काय राहतो? आणि खलनायक स्पॉट आता हसण्यावारी नेण्यासारखा उरलेला नाही. त्याच्या हातून काहीच घडलं नाही तर शेवटची लढाई लुटुपुटूची होईल.

फौजदाराची_लेक

@स्पॉट_समर्थक, तुमचं दुखणं कळतं, पण मिगेल खरं बोलतोय हे तुम्ही धरूनच चाललात. जरा तपासून बघा. मुंबॅटनमध्ये ठरलेल्या मृत्यूतून इन्स्पेक्टर सिंग वाचले आणि जमिनीत भोक पडलं, हा त्याचा पुरावा. पण त्याच जागी थोड्या वेळापूर्वी स्पॉटने अल्केमॅक्स कंपनीचं यंत्र उडवलं होतं. भोक त्यामुळे कशावरून नसेल? दुसरं, सिनेमातल्या ग्वेनचे वडील शेवटी कॅप्टनपदच सोडतात. मेले नाहीत, तरी तिची दुनिया शाबूत आहे. तिसरं, माइल्सला चावलेला कोळी मुळात 42 क्रमांकाच्या दुनियेतला. नियम इतका कडक असता तर माइल्सचं शहर कधीच गडप झालं असतं.

किंमत कुणीतरी मोजतोच, हे मला मान्य. 42 मध्ये ती मोजून झालीय. तिथे जेफ भिंतीवरच्या चित्रात आहे, शहराला स्पायडर-मॅनच नाही आणि तिथला दुसरा माइल्स प्राउलर नावाचा खलनायक झालाय. वडील गेल्यावर पोरगा नायकच होतो असं नाही, हे दिग्दर्शकांनी आधीच दाखवून ठेवलंय. तिसऱ्या भागात हे दोन माइल्स समोरासमोर बसून बोलले तरी माझे पैसे वसूल.

इंद्रजालवाला काका, रिओचं तुम्ही म्हणालात आणि पोटात गोळाच आला.

रेघोट्या

मी पुण्यात ॲनिमेशनचंच काम करतो. कथेचं तुम्ही ठरवा, मी उशिराबद्दल बोलतो. पहिल्या भागात जंगलातून पळताना माइल्सची चित्रं सेकंदाला 12 आणि शेजारच्या पीटरची 24 होती, म्हणून पोरगा अडखळतोय हे न सांगता कळायचं. दुसऱ्या भागात ग्वेन वडिलांशी बोलते तेव्हा मागचे जलरंग तिच्या मनासारखे ओघळतात. असली कामं घाईत होत नाहीत. त्या भागावर राबलेल्या कलाकारांनी अवाढव्य तास आणि शेवटपर्यंत चाललेल्या बदलांबद्दल केलेल्या तक्रारी 2023 मध्येच छापून आल्या होत्या. माझ्या एका जुन्या नोकरीत मंजूर झालेला शॉट परत परत उघडायला लावायचे. रात्री दोनला बोटं आखडायची आणि सकाळी तो शॉटच कापलेला असायचा. म्हणून तारीख पुढे गेली की मला बरं वाटतं. लोक झोपून कामावर येत असतील तर आणखी वर्षभर थांबायची माझी तयारी आहे.

फौजदाराची_लेक

हे मनापासून पटलं. घाई नको.

आता शेवटचं. दुसरा भाग भारतात दहा भाषांत आला होता, त्यात मराठीही होती. आमच्याकडे मराठीचा एकच खेळ लागला, तोही सकाळी नऊचा, आणि आठवड्यात काढून टाकला. बाबांची रात्रपाळी होती, त्यांचा हुकला. तिसरा भाग त्यांना मराठीतच, थिएटरात दाखवायचाय. आधीपासून थिएटरवाल्यांकडे मागणी केली तर खेळ वाढवतात का? कुणी करून बघितलंय?

इंद्रजालवाला

आमच्या सोसायटीने एका मराठी सिनेमासाठी केलं होतं. एकेकट्याने विचारलं तर उडवून लावतात. चाळीस-पन्नास नावांची यादी घेऊन थेट मॅनेजरला भेटा, संध्याकाळच्या खेळाचं बोला. साताऱ्याच्या आसपास असाल तर माझ्या घरची सात नावं आत्ताच लिहून घ्या.