मदत हवी आहे : कोकणातल्या दमट हवेत एसी कोणत्या ऋतूत किती अंशांवर ठेवावा?

नमस्कार मंडळी. आमचे घर रत्नागिरीजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. भिंती जांभ्याच्या असून वर स्लॅब आहे. आईला वयोमानामुळे उकाडा सोसवत नाही, म्हणून तिच्या खोलीत इन्व्हर्टर एसी बसवला आहे.

एप्रिल-मे महिन्यांत २६ अंश आणि सोबत मंद पंखा एवढ्यावर रात्र सुखाची जाते. तापमान एका अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो, आणि १ जानेवारी २०२० पासून स्टार मानांकनाच्या एसींना २४ अंशांचे मूळ सेटिंग बंधनकारक आहे. त्याखाली जाण्याची आमची मुळीच इच्छा नाही.

खरी अडचण पावसाळ्याची आहे. बाहेरचेच तापमान २६-२७ अंश असल्याने २६ अंशांच्या सेटिंगवर कॉम्प्रेसर जेमतेम चालतो, हवेतला दमटपणा निघत नाही, अंथरूण ओलसर लागते आणि कपाटातल्या सुती साड्यांवर बुरशीचे ठिपके उमटतात. २४ वर आणले, तर आईचे गुडघे आखडतात. अशा वेळी ड्राय मोड (हवेतला दमटपणा काढण्याचे एसीतले सेटिंग) रात्रभर चालू ठेवावा, की निजण्यापूर्वी तासभर चालवून पुढे नुसता पंखा पुरेल?

ऑक्टोबरमध्ये दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो, तेव्हा कोणता आकडा सोयीचा पडतो, हेही कळवावे. थंडीत एसी बंदच असतो. घरात वृद्ध माणसे असलेल्या किनाऱ्यावरच्या मंडळींनी आपला अनुभव आवर्जून सांगावा, ही विनंती.