मदत हवी आहे: शालेय मंत्रिमंडळाला खरं काम कसं द्यावं?

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. दरवर्षी मंत्रिमंडळाची निवडणूक आम्ही दणक्यात घेतो. मोबाइलवर मतदान, बोटाला शाई, शपथविधी, सगळं होतं. मुलं जाम खूश असतात. पण पुढे मुख्यमंत्री परिपाठाला सूचना देतो आणि स्वच्छता मंत्री कचऱ्याचा डबा रिकामा करतो, एवढ्यावरच गाडी अडते. निवडूनही तीच येतात, ज्यांचा आवाज मोठा.

परवा खिचडीच्या वेळी सहावीतली एक अबोल मुलगी नळापाशी उभी होती. पहिलीच्या पोरांना पुढे घेत होती, मोठ्यांना थोपवत होती, एकाचं ताट स्वतः धुऊन देत होती. तिच्याकडे कुठलंच पद नाही. अशा मुलांना पुढे कसं आणायचं, हा माझा खरा प्रश्न आहे.

राजस्थानात तिलोनिया गावच्या बेअरफूट कॉलेज या संस्थेने दिवसा काम करणाऱ्या मुलांसाठी रात्रशाळा काढल्या; तिथे मुलांची निवडून आलेली संसद शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवायची. तितकं नाही, पण निदान पोषण आहाराची चव, वाचनालयाची पुस्तकं, मैदानाचा वापर हे निर्णय मुलांनी घ्यावेत असं मला मनापासून वाटतं.

कुणी पदं दर महिन्याला फिरती ठेवली आहेत का? मुलांच्या बैठकीचं इतिवृत्त कोण लिहितं? आणि मुलांचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीसमोर नेला, तर पालक ऐकून घेतात का? स्वतः करून पाहिलेलं सांगा, फसलेलं असलं तरी चालेल.